आधी सर आणि चार लाल चौकोन

त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर होतं. कॉलेजात कुणी ते उच्चारलं नाही. बावीस वर्षं त्यांनी कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलांना वरचं गणित शिकवलं, आणि त्याच्या बदल्यात मुलांनी त्यांना एक टोपणनाव दिलं. फळ्यावर उदाहरण लिहिलं की ते खडू खाली ठेवायचे, हात झटकायचे आणि म्हणायचे, "आधी मला सांगा, याला उत्तर आहे का? शोधायला मग पळा." दर तासाला आधी, आधी. झालं, नाव पडलं आधी सर. कॉलेजचा शिपाईसुद्धा "आधी सरांना वर बोलावलंय" असाच निरोप आणायचा.

आता सर चोपन्न वर्षांचे आहेत आणि एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात, कॉम्प्युटरच्या खोलीत बसतात. काम काय, तर कुणी पासवर्ड विसरला, तो नवा करून द्या. कुणाच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला, तो ओढून काढा. खोलीला खिडकी नाही, डोक्यावरून पाण्याचा पाइप जातो आणि तो दिवसभर गुडगुडत असतो. गणितानं माणसाला कुठं आणून बसवलं, असं कुणी म्हटलं तर सर नुसते हसतात. भांडायचं त्यांनी केव्हाच सोडलं.

कॉलेज सुटलं त्याची गोष्ट लांबवण्यात अर्थ नाही. दर वर्षी एक तरी मुलगा उठून विचारायचा, "सर, हे नोकरीत कुठं लागतं?" सुरुवातीची दहा वर्षं सर तास-तास समजावून सांगायचे. पुढची दहा वर्षं दोन वाक्यांत आटपायचे. शेवटी शेवटी म्हणायचे, "लागेल तेव्हा कळेल, बस खाली." पालथ्या घड्यावर माणूस ओतून ओतून किती ओतणार? मग एका वर्षी साठ मुलांनी सह्या करून अर्ज दिला, की वरचं गणित सक्तीचं नको, ऐच्छिक करा. झालं ऐच्छिक. पुढच्या वर्षी ते दोघांनी घेतलं, त्यातल्या एकानं चुकून. वर्ग बंद झाला आणि सर मोकळे झाले.

त्या अर्जावर पहिली सही होती एका मुलीची. तिला वर्गात सगळे सुसाट म्हणायचे, कारण तिची बोटं की-बोर्डवर अशी पळायची की बघणाऱ्याला धाप लागावी. आणि नशिबाची गंमत बघा, तीच सुसाट आता त्याच तळघरात, सरांच्या समोरच्या टेबलावर बसते. इस्पितळाचे प्रोग्रॅम लिहिणारी मुख्य प्रोग्रॅमर ती, आणि प्रिंटरवाले सर. तिनं पहिल्या दिवशी खाली मान घालून "सर, तो अर्ज..." असं काहीतरी सुरू केलं होतं. सर म्हणाले, "अगं, राहू दे. अक्षर चांगलं होतं तुझं."

पण ही गोष्ट खरी सरांच्या बायकोची आहे. ती त्याच इस्पितळात वर तिसऱ्या मजल्यावर आयसीयूची मुख्य नर्स. अख्खं इस्पितळ तिला मोठ्या सिस्टर म्हणतं. नवा विभाग उघडल्यापासून, म्हणजे गेले पाच महिने, ती घरी यायची ती सरळ खुर्चीत. पर्स खांद्यावर, बूट पायात, डोळे मिटलेले. चहा समोर ठेवला तर त्यावर साय धरायची. बोलायची ताकद नसायची, आणि तिचं ते गप्प बसणं सरांना सहन व्हायचं नाही.

झालं होतं असं. सिस्टर लोकांच्या ड्यूटीचा आठवड्याचा तक्ता पूर्वी ती हातानं करायची. नवा विभाग आल्यावर व्यवस्थापक साहेबांनी तो कॉम्प्युटरला दिला. सुसाटनं प्रोग्रॅम लिहिला. ज्या चौकोनात नर्स बसली तो हिरवा, आणि जिथं कुणीच बसत नाही तो लाल. आणि दर आठवड्याला लाल चौकोन यायचे. मोठ्या सिस्टर सोडून व्हेंटिलेटर सांभाळता येणाऱ्या नर्स अकरा, त्यांचेच चौकोन रिकामे राहायचे. आता लाल चौकोन पडद्यावर लाल असतो हो, वर तिथं पेशंट असतो, नळ्या लावलेला. त्याला कसं सांगणार, आज तुझा चौकोन लाल आहे म्हणून? मग मोठ्या सिस्टर स्वतःची ड्यूटी संपवून त्यातल्या दोन ड्यूट्या अंगावर घ्यायच्या, आणि उरलेल्यांसाठी कुणाच्या तरी हातापाया पडायच्या.

तिनं तीनदा वर जाऊन साहेबांना सांगितलं, "साहेब, माणूस कमी आहे." साहेब वाईट नव्हते, पण हिशेबाला पक्के होते. त्यांचं उत्तर ठरलेलं, "सिस्टर, अकरा जणी, प्रत्येकी आठवड्याला सहा ड्यूट्या. अकरा सक सहासष्ट. लागतात त्रेसष्ट. तीन उलट उरतात. माणूस कमी नाही, प्रोग्रॅममध्ये चूक आहे. ती काढायला सांगितलीय. ती निघाली की सगळं हिरवं." म्हणजे चूक निघेपर्यंत नवी नर्स नाही. आणि चूक काही निघत नव्हती. पाच आठवडे सुसाट त्या चुकीच्या मागे होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं पोरीच्या. शुक्रवारी दुपारी साहेबांनी बैठक ठेवली होती, तोवर काय ते सांगायचं होतं.

आणि सर? सर समोरच बसलेले, कागद ओढून काढत. घरी बायको खुर्चीत, कामावर सुसाट स्क्रीनपुढे, आणि मध्ये हा बावीस वर्षं शिकवलेला माणूस. त्यांनाही वाटत होतं, असेल कुठंतरी चूक, पोरगी हुशार आहे, काढेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. थकलेल्या माणसाला आपलंच शहाणपण आठवत नाही, दुसरं काय.

बुधवारी सकाळी चहा घेताना बायको एकदम बोलायला लागली. "काल मी औषधाची बाटली तीनदा वाचली," ती म्हणाली. "तीनदा. अक्षरं दिसत होती, पण कळत नव्हती. शेवटी शेजारच्या सिस्टरला म्हटलं, तू वाच. अहो, मला भीती वाटायला लागलीय. माझ्या पायांची नाही, माझ्या हातांची."

सुट्टी घे म्हणायची सोय नव्हती, तिच्या सुट्टीचा पण लाल चौकोनच होणार.

"तुमचं ते मशीन," ती कप विसळत म्हणाली, "मला दर आठवड्याला चार भोकं देतं. आज इथं, उद्या तिथं. जागा बदलते, पण चार काही सुटत नाहीत."

सरांच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं. "चारच? दर आठवड्याला?"

"एकदा पाच होती. पण चाराच्या खाली कधी नाही. का?"

बिस्कीट काढायचं सोडून सर उठले आणि चप्पल घालायला लागले.

तळघरात सुसाट आधीच आलेली होती. सर खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले. "एक सांग," ते म्हणाले, "पाच आठवड्यांत तू किती प्रकारांनी हा तक्ता बसवून पाहिलास?"

"लाखो, सर. मशीनच बसवतं ना. मी नियमांचा क्रम बदलला, सुरुवात बदलली, एकदा तर अख्खा प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. डोक्याचा भुगा झालाय."

"लाल चौकोन कधी तीन झाले?"

तिनं जुन्या नोंदी उघडल्या, वर-खाली केल्या. "नाही सर. चार. पाच. चार. चार." मग आवाज खाली आला. "तीन कधीच नाही."

"मग तुला पाच आठवड्यांत असं नाही वाटलं, की हे तीन होणारच नसतील?"

खरं सांगायचं तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाच्या डोक्यात ही शंका सहसा येतच नाही. काम दिलंय म्हणजे ते होतंच, होत नाही म्हणजे आपण कुठंतरी चुकलोय, असंच त्या बिचाऱ्यांना वाटतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे घराघरांत ठाऊक आहे. पण पोहरा सोडणारा पोहराच बदलत बसतो, आडात वाकून बघत नाही.

सरांनी प्रिंटरमधून निघालेला एक चुरगळलेला कागद घेतला, उलटा करून सपाट केला आणि पेन्सिल मागितली. तीन वर्षांत त्यांनी काही सिद्ध केलं नव्हतं.

"नियम सांग," ते म्हणाले. "एकेक. हळू."

नियम फार नव्हते. दिवसाला तीन पाळ्या, प्रत्येक पाळीत व्हेंटिलेटरवाल्या तीन नर्स हव्यातच. एकीला एका दिवसात एकच ड्यूटी आणि आठवड्यात जास्तीत जास्त सहा. रात्रपाळ्या आठवड्यात तीनपेक्षा जास्त नाहीत. आणि जिनं त्या आठवड्यात रात्रपाळी केली, तिला एकाऐवजी दोन सुट्ट्या द्यायच्याच. या शेवटच्या दोन्ही नियमांवर सही खुद्द साहेबांची होती.

सर लिहीत गेले. लिहिता लिहिता मोठ्यानं बोलायला लागले, वर्गातल्यासारखे. "आठवड्यात रात्री सात. प्रत्येक रात्री तिघी. सात त्रिक एकवीस रात्रपाळ्या. एक जण तीनपेक्षा जास्त करणार नाही. मग एकवीस उरकायला कमीत कमी किती जणी?"

"सात."

"त्या सात जणींना दोन-दोन सुट्ट्या. म्हणजे त्यांच्याकडून सहा नाही, पाचच ड्यूट्या मिळणार. सात पंचे पस्तीस. उरल्या चौघी, त्यांच्या सहा-सहा. चार सक चोवीस. एकूण?"

"एकोणसाठ," सुसाट म्हणाली, आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

"लागतात त्रेसष्ट. मिळतात जास्तीत जास्त एकोणसाठ. रात्री सातांऐवजी आठ-नऊ जणींत वाटल्या तर आणखी कमी. मशीन दहा वर्षं चालव, चाराच्या खाली जाणार नाही. तुझ्या प्रोग्रॅमनं पहिल्याच दिवशी बरोबर उत्तर दिलं होतं, पोरी. आपल्यापैकी कुणाला ते उत्तर वाटलंच नाही."

सुसाट रडायला लागली. आवाज नाही, नुसतं पाणी. पाच आठवडे ती रोज स्वतःला मूर्ख म्हणत झोपत होती. सर बावरले, त्यांनी तिच्यापुढे प्रिंटर पुसायचं फडकं धरलं, मग लक्षात आल्यावर मागं घेतलं.

"सर," ती नाक ओढत म्हणाली, "हे असलं, म्हणजे उत्तर नाहीच हे दाखवायचं, तुम्ही आम्हाला शिकवलं होतं?"

"तिसऱ्या आठवड्यात. तू शेवटच्या बाकावर होतीस. मोबाइल होता हातात."

"मला फोडून काढायला हवं होतं तुम्ही."

"मग मी तरी काय मोठा?" सर म्हणाले. "बावीस वर्षं दुसऱ्यांना विचारलं, उत्तर आहे का, उत्तर आहे का. घरात बायको वाळून चाललीय आणि मी स्वतःला नाही विचारलं." एवढं बोलून ते उगीच वर पाइपकडे बघत बसले.

मग सुसाटनं तिचं काम केलं. यादीत एक खोटी बारावी नर्स घातली आणि बटण दाबलं. पस्तीस अधिक पाच सक तीस, पासष्ट. हिशेबात आता कमी नव्हतं, पण हिशेबात बसलं म्हणजे तक्त्यात बसतंच असं नाही, हेही सरांनी तिला बजावलं. चार सेकंद गेले. तक्ता हिरवा झाला. वरपासून खालपर्यंत, पाच महिन्यांत पहिल्यांदा. दोघं बघत बसले.

शुक्रवारची बैठक बारा मिनिटांत संपली. साहेबांनी आपलं अकरा सक सहासष्ट म्हणून दाखवलं. सरांनी तो चुरगळलेला कागद पुढे सरकवला आणि ओळीवर बोट ठेवून एकेक पायरी सांगितली. साहेबांनी दोनदा अडवलं. एकदा विचारलं, रात्री चार-चार दिल्या तर? सर म्हणाले, मग तुमचा नियम मोडा, खाली तुमचीच सही आहे. तिसऱ्यांदा कागद बघून झाल्यावर साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे हे होणारच नव्हतं."

"नाही. कुणाच्या बापाच्यानं होणार नव्हतं," सर म्हणाले, आणि मग स्वतःच दचकले.

"कमीत कमी किती नर्स लागतील?"

"एक."

साहेबांनी तिथल्या तिथं सही केली. "पुढच्या महिन्यात एक व्हेंटिलेटरवाली सिस्टर." बाहेर आल्यावर सुसाट म्हणाली, "सर, शनिवारी एक तास शिकवाल का मला? तिसऱ्या आठवड्यापासून." सरांनी होकारार्थी मान हलवली.

संध्याकाळी बायको घरी आली. खुर्ची, पर्स, बूट, सगळं तसंच. सरांनी चहा दिला आणि कागद दिला, आणि एका दमात सगळं सांगितलं. त्यांना वाटलं होतं, ती खूश होईल.

पण ती म्हणाली, "मी तीनदा गेले होते हो वर. माणूस कमी आहे, माणूस कमी आहे, घसा सुकला माझा. माझं कुणी ऐकलं नाही. आणि या कागदाचं ऐकलं?"

सरांनी चहाचा कप तिच्याकडे सरकवला.

"तुम्हीही नाही ऐकलंत."

"नाही ऐकलं," सर म्हणाले. "चुकलं माझं."

तिनं चहाचा एक घोट घेतला. कागद दिव्याकडे धरला. "समजावून सांगा मला. नीट. पुढच्या वेळी मीच सांगेन, मला कुणाच्या मागं उभं राहायचं नाही."

बावीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. सर खाली जमिनीवरच बसले आणि पहिल्या ओळीपासून सुरू केलं. ती मधे मधे पेंगत होती, पण पायरी सुटली की "थांबा, परत" म्हणायची. एकोणसाठवर आली. बारावीवर आली.

"पासष्ट," ती म्हणाली. "लागतात त्रेसष्ट. दोन हातात."

"बरोबर."

"आणि एखादी तापानं पडली म्हणजे?"

सरांनी कागदाकडे बघितलं.

"बारातली एक गेली की अकरा," ती बोटांवर मोजत म्हणाली. "अकरा म्हणजे एकोणसाठ. परत चार लाल. त्या चारांवर कोण जाणार?"

सरांना उत्तर माहीत होतं.

"अहो, तुमच्या कागदावर कुणी आजारी पडत नाही वाटतं?" ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. "साहेबांकडे किती मागितल्यात?"

"त्यांनी कमीत कमी विचारलं. मी एक म्हटलं."

"आणि त्यांनी दिली?"

"लगेच. सही करून."

"देतीलच. एकीवर सुटका झाली त्यांची." ती हसली, थकलेलं, नाकातून. "हातची एक तरी ठेवायची होती हो."

सरांनी कपाळावर हात मारून घेतला. गणितात कमीत कमी म्हटलं की पूर्ण गुण मिळतात. एवढी वर्षं त्यांनी मुलांना तेच शिकवलं, एकही जास्त नको, एकही कमी नको. तिनं त्यांच्या हातातून पेन्सिल घेतली आणि कागदाच्या कोपऱ्यात, उभ्या-आडव्या अक्षरात स्वतः लिहिलं. सात पंचे पस्तीस. तेरा वजा सात, सहा. सहा सक छत्तीस. एकाहत्तर. खाली रेघ मारली आणि लिहिलं, एक पडली तरी पासष्ट.

"बरोबर आहे?" तिनं विचारलं.

"बरोबर आहे," सर म्हणाले. "माझ्यापेक्षा बरोबर आहे."

"सोमवारी मी येते वर. आकडे तुम्ही सांगा, तापाचं मी सांगते." तिनं कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि खुर्चीतच मान मागं टाकली. सर तिचे बूट काढायला वाकले. घोट्यावर मोज्याचा वळ उठला होता आणि पाय सुजून घट्ट झाले होते, उजवा बूट निघता निघत नव्हता.

"नवी कधी येणार म्हणालात?" तिनं डोळे मिटूनच विचारलं.

"पुढच्या महिन्यात."

"मग उद्याचा गजर लावा," ती म्हणाली. "पाचचा. उद्याचे दोन लाल माझ्याच नावावर आहेत."